घारीच्या पायातून निसटलेली काडी : घार आणि शैवाक (लायकेन), जास्त मुंबईकर कोण?

वाळवण | १८ जानेवारी, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. मी लालबागला चाळीत राहते. तिसरा मजला, रस्त्याच्या बाजूची गॅलरी. समोर जुना रेन ट्री आहे आणि त्याच्या वरच्या बेचक्यात घारीच्या जोडीने घरटं बांधायला घेतलंय. आठेक दिवस झाले, सकाळी पाणी भरायला उठले की दोघांची ये-जा दिसते. एक बसून असते, दुसरी काड्या आणते.

काल एक काडी घारीच्या पायातून निसटली आणि थेट आमच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या गोधडीवर पडली. वीतभर लांब, करंगळीएवढी जाड. तिच्यावर रुपयाच्या नाण्याएवढा एक करडा चट्टा आहे. कडेने बारीक बारीक कापल्यासारखा, सालीला अगदी घट्ट चिकटलेला, आणि काठावर पिठासारखी भुकटी. संक्रांत झाली म्हणून आम्ही थोडा गोडा मसाला करायला घेतला होता. मिरची गल्लीतून आणलेलं सामान समोर पसरलेलं होतं. आईंनी (माझ्या सासूबाई) काडी हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर दगडफूल!"

पुडीतलं दगडफूल शेजारी ठेवून बघितलं. ते वरून करडं, खालून काळंभोर, मोठ्या पानासारखं सुटं. काडीवरचं त्या मानाने फारच बारीक आणि चपटं. पण भावंडं म्हणावीत इतपत साम्य आहे खरं.

माझी मुलगी आठवीत आहे. ती म्हणाली, "आई, घारपण इथलीच आणि हा डागपण इथलाच. मग दोघांत जास्त मुंबईकर कोण?" मला उत्तर सुचलं नाही, पण प्रश्न डोक्यातून जात नाहीये. एक आकाशात, एक सालीवर. एकीला क्षणभर उसंत नाही, दुसरं जागचं हलत नाही. यांची तुलना होऊ शकते का? इथे पक्षीवाले आणि झाडपाल्याची माहिती असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

---

घिरट्या | १८ जानेवारी, सकाळी ९:०२

ताई, नशीबवान आहात. घरटं डोळ्यांच्या पातळीवर मिळायला आम्ही जंगलं तुडवतो.

तुमची ही साधी घार, शास्त्रीय नाव मिल्वस मायग्रन्स. आपल्याकडे बारमाही असणारी उपजात गोविंदा. हे नाव १८३२ मध्ये कर्नल विल्यम सायक्स यांनी दिलं, मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनमध्ये असताना केलेल्या नोंदींवरून. लालबागच्या घारीचं नाव गोविंदा, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा.

पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण दीड मीटर. शेपटी दुभंगलेली. उडताना ती शेपटी सुकाणूसारखी पिळते बघा, त्यावरून लांबूनही ओळखता येते. उडता उडता पायातलं खाणं चोचीशी नेऊन खाते. अंडी बहुधा दोन किंवा तीन, उबवायला महिनाभर, आणि पिल्लू उडायला पुढे दीड-दोन महिने. म्हणजे एप्रिलच्या शेवटापर्यंत तुमच्या गॅलरीतून सगळं दिसेल. पिल्लं असताना गॅलरीत कोणी अचानक वाकलं तर डोक्यावर झडप घालते, तेवढं जपा. वाळवण घालताना डोक्यावर टोपी किंवा छत्री घ्या.

मुंबईकर कोण? माझं मत घारीला. या शहरावर जगायला ती शिकली आहे. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. तिथे दुपारी आकाशाकडे बघितलं तर घारींचा भोवराच फिरत असतो. मासळी बाजार, खाटीकखाने, उकिरडे हेच तिचं रान.

---

चिंचपोकळी_पूर्व | १८ जानेवारी, सकाळी ११:४५

धागा वाचतोय. त्या काडीचा फोटो टाका ना.

---

रानपान | १८ जानेवारी, रात्री १०:२०

वाळवणताई, काडी फेकू नका. मी वनस्पतीशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. शैवाक हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी आईंच्या बोलण्याबद्दल. त्यांनी जात बरोबर ओळखली. दगडफूल हे शैवाकच. मसाल्यातलं दगडफूल मुख्यतः पार्मोट्रेमा या प्रजातीतलं, आणि बाजारच्या पुडीत बऱ्याचदा तीन-चार जाती एकत्र असतात. नाव दगडफूल असलं तरी ते बहुतांशी झाडांच्या सालीवरून खरवडून गोळा करतात, हिमालयात आणि दक्षिणेच्या डोंगरांत. त्याची शेती होत नाही, सगळं रानातून येतं. तुमच्या काडीवरचं मात्र ते नाही. तुमच्या वर्णनावरून ते पिक्सिन कोकोज असावं असा माझा अंदाज आहे. याला मराठीत नाव नाही. कोकोज हे नारळावरून आलं.

खात्री करायची असेल तर एक करा. मसाल्याच्या किंवा किराणा दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो घटकाभर मागून आणा. रात्री सगळे दिवे बंद करून काडीवर मारा. पिक्सिन कोकोजच्या वरच्या थरात लायकेझँथोन नावाचं रसायन असतं, ते त्या प्रकाशात पिवळं चमकतं. दुसरी काही शैवाकंही चमकतात, पण तुम्ही सांगितलेली बाकी लक्षणं आणि ही चमक एकत्र आली तर बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येईल. पुडीतल्या दगडफुलावरही मारून बघा, फरक दिसेल.

आता मुळात हे काय आहे ते. शैवाक ही वनस्पती नव्हे. एक बुरशी आणि एक शैवल यांनी मिळून केलेला संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, सालीला चिकटून राहते. आत हिरवं शैवल उन्हावर साखर तयार करतं आणि दोघं जगतात. १८६७ मध्ये स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा त्या काळच्या शैवाकतज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पुढे २०१६ मध्ये कळलं की काही शैवाकांच्या वरच्या सालीत यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशीही राहते. म्हणजे दोघांचा समजलेला संसार काही ठिकाणी तिघांचा निघाला.

काठावरची भुकटी म्हणजे त्याची पिल्लंच समजा. तिला सोरेडिया म्हणतात. एकेका कणात बुरशीचे धागे आणि शैवलाच्या पेशी दोन्ही असतात. वारा, पाऊस, मुंग्या, पक्ष्यांचे पाय, जे नेईल तिकडे जायचं. तुमच्या घारीने काडी नेताना त्या डागाची वंशवेल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेली असणं सहज शक्य आहे.

---

घिरट्या | १९ जानेवारी, सकाळी ७:३०

सर, शेवटचं वाक्य वाचून चहा गार झाला. मी इतकी वर्षं घरटी बघतोय, पण काडीवर काय आहे ते एकदाही बघितलं नाही.

---

वाळवण | १९ जानेवारी, रात्री ९:५५

सर, चमकलं!

खालच्या वाण्याकडून दिवा आणला. आम्ही तिघी गॅलरीचा दरवाजा लावून, दिवे घालवून बसलो. लेकीने दिवा मारला आणि तो नाण्याएवढा डाग लिंबाच्या सालीसारखा पिवळा झाला. बाकीची काडी काळोखात दिसेनाशी झाली, फक्त तो डाग. आईंनी हात जोडले. पुडीतलं दगडफूल नाही चमकलं, नुसतं निळसर दिसत राहिलं.

नंतर लेकीने काडीवर पाण्याचे दोन थेंब टाकले. हे तर मला जास्त आवडलं. मिनिटभरात करडा रंग जाऊन डाग हिरवट झाला, पावसाळ्यातल्या भिंतीसारखा. अर्ध्या तासाने पंख्याखाली पुन्हा करडा.

---

रानपान | १९ जानेवारी, रात्री १०:४०

शाब्बास लेकीला. तो हिरवा रंग आतल्या शैवलाचा. वरचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतलं दिसतं. कोरडं असताना शैवाक मेलेलं नसतं, थांबलेलं असतं. पाणी मिळालं की काही मिनिटांत श्वास आणि अन्न तयार करणं पुन्हा सुरू. मुंबईचं आठ महिन्यांचं कोरडेपण ते असं काढतं. पहाटेच्या दवावरही तास-दीड तास काम करून घेतं.

घार याच्या अगदी उलट. तिचं रक्त गरम, तिला थांबता येत नाही. रोज पोटाला लागतंच.

---

मीठचौकी | २० जानेवारी, दुपारी १:१५

मी मालाडचा. विषय छान आहे, पण मला एक शंका आहे. तुलना ताणली जातेय का? घार प्राणी, हे बुरशी आणि शैवल. कशाचा कशाशी संबंध? उद्या कोणी कावळा आणि तुळस यांची तुलना करेल.

---

रानपान | २० जानेवारी, रात्री ९:३०

शंका रास्त आहे. पण संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. बुरशी ही झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची. बुरशी आणि प्राणी यांचा समाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांच्या आसपास होऊन गेला असं मानतात. म्हणजे शैवाकातली बुरशी तुळशीपेक्षा घारीच्या जवळची नातेवाईक.

पण माझ्या लेखी तुलनेचा खरा मुद्दा नात्याचा नाही. दोघंही हवेची आणि मातीची खबर देतात, ही त्यांना जोडणारी गोष्ट आहे.

शैवाकाला मुळं नाहीत. पानावर असतो तसा मेणाचा थर नाही. त्यामुळे पावसातून, धुळीतून, हवेतून जे येईल ते सगळं अंगावर घ्यायचं आणि आत घ्यायचं. नको असलेलं बाहेर टाकायची सोय जवळजवळ नाही. शिसं, जस्त, क्रोमियम वर्षानुवर्षं साठत जातं. गंधकाच्या वायूने आतल्या शैवलाचं हरितद्रव्य मरतं आणि शैवाक पांढरं पडून गळतं. १८६६ मध्येच विल्यम नायलँडर यांनी पॅरिसमध्ये लिहून ठेवलं होतं की शहरात इतरत्र नाहीत अशी शैवाकं लक्झेंबर्ग बागेत आहेत, आणि त्याचा हवेशी संबंध आहे. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी मापपट्टीच केली. झाडावर कोणती शैवाकं आहेत ते बघायचं आणि हवेत गंधक किती ते सांगायचं. लंडनची हवा सुधारल्यावर गेलेली शैवाकं परत आली, हेही नोंदलेलं आहे. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने पिक्सिन कोकोज हेच शैवाक घेऊन शहरातले धातू मोजले आहेत. पुण्याच्या आघारकर संस्थेत पटवर्धन आणि मखिजा यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांवर आयुष्य घातलं.

पक्ष्यांची बाजू घिरट्या यांनी सांगावी. ससाण्याची गोष्ट त्यांना माहीत असणार.

---

घिरट्या | २१ जानेवारी, सकाळी ६:५०

सांगतो. बहिरी ससाणा. हिवाळ्यात आपल्याकडे उंच टॉवरवर बसून कबुतरं टिपताना दिसतो. पन्नास-साठच्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत तो झपाट्याने संपत चालला होता आणि कारण सापडत नव्हतं. शेवटी डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयातली जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली. नव्या अंड्यांचं कवच पातळ झालं होतं, आई उबवायला बसली की फुटत होतं. १९६७ मध्ये त्यांनी हे छापलं. कारण डीडीटी. पिकावर फवारलं, किड्यांत गेलं, किड्यांतून छोट्या पक्ष्यांत, आणि प्रत्येक पायरीला वाढत वाढत ससाण्यात. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि ससाणा सावरला.

आणि आपली गोष्ट तर आपल्या डोळ्यांसमोर घडली. गिधाडं. मलबार हिलवर पारशांच्या अंत्यविधीच्या जागेवर, डुंगरवाडीच्या वर, गिधाडं घिरट्या घालायची, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्के घटली. हजारात एक उरलं. जनावरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक, ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड बंद पडायचे. २००४ मध्ये कारण कळलं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. तोपर्यंत उशीर झाला होता.

हे लिहिताना मला जाणवलं की मी पहिल्या दिवशी घारीला मत दिलं ते जरा घाईने दिलं.

---

तांबडं_फुटताना | २१ जानेवारी, सकाळी ८:२५

घिरट्या, हेच मी लिहायला आले होते. माझं लहानपण ग्रँट रोडला गेलं. वडील गच्चीवर नेऊन गिधाडं दाखवायचे. मान उघडी, पंख फळीसारखे सरळ. आता माझ्या मुलाला त्या गच्चीतून फक्त घारी दिसतात आणि त्याला वाटतं आकाश असंच असतं, भरलेलं.

---

रानपान | २१ जानेवारी, रात्री १०:०५

तांबडं_फुटताना यांनी मर्मावर बोट ठेवलं. शैवाकांचंही तंतोतंत असंच आहे, आणि मला वाटतं वाळवणताईंच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर इथे कुठेतरी आहे.

पिक्सिन कोकोज हे सोसणारं शैवाक आहे. धूळ, धूर, ऊन सगळं सोसतं. म्हणून भारतातल्या शहरांत ते भरपूर दिसतं. संजय गांधी उद्यानात गुळगुळीत सालीचं झाड बघा. त्यावर ग्राफिस नावाची शैवाकं असतात. पांढऱ्या सालीवर शाईने काढावीत तशी काळी वळणदार अक्षरं, जणू कोणी मोडी लिहून ठेवली आहे. लालबाग-परळच्या रस्त्यांवर मी वर्षानुवर्षं झाडं बघत फिरलो आहे, तिथे मला ती अक्षरं दिसलेली नाहीत. पिक्सिन दिसतं, आणि हमरस्त्याच्या कडेला तर तेही नाही, नुसती काळपट साल.

तेव्हा झाडावर शैवाक दिसलं म्हणजे हवा चांगली, असं बरेच जण लिहितात ते अर्धवट आहे. कोणतं शैवाक आहे ते बघावं लागतं. घारी खूप आहेत म्हणजे पक्षी सुखी आहेत, तेही तसंच. गिधाड गेलं, घार राहिली. अक्षरं गेली, करडा डाग राहिला. हे दोघं मुंबईत सगळं सोसून राहिलेले आहेत. त्या अर्थी दोघं सारखेच मुंबईकर.

---

मीठचौकी | २२ जानेवारी, दुपारी १२:४०

रानपान सर, पटलं. शंका मागे घेतो.

आमच्या सोसायटीचं सांगतो. गेल्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून समोरच्या झाडाच्या फांद्या घाऊक उतरवल्या. एका फांदीवर घारीचं घरटं होतं, पिल्लू उडायला थोडेच दिवस राहिले असतील. मी खाली धावलो तोवर फांदी खाली आली होती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, आम्हाला वरून कसं दिसणार. दोन दिवस ती जोडी त्या रिकाम्या जागेवर येऊन फिरत होती. मी बाल्कनीचं दार लावून घेतलं, बघवत नव्हतं. आज कळतंय की त्या फांद्यांबरोबर शैवाकंही गेली असतील. ती कोणी मोजत नाही.

---

घिरट्या | २२ जानेवारी, दुपारी २:१०

वाईट वाटलं. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. घार वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. चालू घरटं पाडता येत नाही. झाड तोडायला किंवा मोठ्या फांद्या उतरवायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. छाटणीच्या आधी सोसायटीला घरट्याचा फोटो आणि तारीख लेखी द्या. लेखी दिलं की दहा वेळा विचार करतात.

संक्रांतीचा मांजाही अजून झाडांत लटकलेला असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो दिसतोच. जखमी घार सापडली तर जाड टॉवेल टाकून पंख अंगाशी धरून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात काळोखात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, मांजा स्वतः ओढून काढू नका. वनविभागाची मदतवाहिनी १९२६.

---

वाळवण | ३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

घारीची मादी आता उठत नाही, अंडी घातली असावीत. नर खाणं आणून देतो. घरट्यात काड्या आहेतच, शिवाय चिंध्या, सुतळी, वायरचा तुकडा आणि दुधाच्या पिशवीचा पांढरा प्लास्टिक. तो प्लास्टिक तिने काठावर असा लावलाय की लांबून दिसावा. मुद्दाम लावतात का?

---

घिरट्या | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मुद्दाम लावतात! स्पेनमध्ये दोन्याना इथे घारींवर अभ्यास झाला, २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. जी जोडी धडधाकट, ऐन उमेदीची, तिच्या घरट्यात पांढरं प्लास्टिक जास्त. दुर्बळ जोडीच्या घरट्यात संशोधकांनी वरून प्लास्टिक ठेवलं तर तिने काढून टाकलं. कारण मिरवलं की बाकीच्या घारी ताकद जोखायला येणार. तेव्हा तुमची जोडी दमदार आहे.

---

रानपान | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

घरट्यावरून आठवलं, आणि हे सांगितल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात, ग्रीनलंडच्या बाजूला, उघड्या कड्यांवर ससाण्यांची घरटी असतात. शिकारी पक्षी पिढ्यानपिढ्या त्याच कपारीत बसतात आणि त्यांची विष्ठा कड्यावरून ओघळते. त्यात नत्र भरपूर. ते नत्र मिळालं की तिथे झँथोरिया एलेगन्स नावाचं भगवं-शेंदरी शैवाक जोमाने वाढतं. राखाडी कड्यावर शेंदूर फासल्यासारखा पट्टा. लांबून पट्टा दिसला की तिथे पक्ष्याची बैठक असणार, हे ओळखून अभ्यासक घरटी शोधतात. २००९ मध्ये ग्रीनलंडमधल्या घरट्यांखाली साठलेल्या विष्ठेचं वय कार्बनवरून काढलं, तर एका मोठ्या ससाण्याची जागा जवळपास अडीच हजार वर्षं वापरातली निघाली. आपली कान्हेरीची पहिली लेणी खोदली गेली त्याच्याही आधीपासून पक्षी तिथे बसत आहेत, आणि खाली शैवाक रंगत आहे.

म्हणून ताई, एक निरीक्षण करून बघा. घार रोज ज्या फांदीवर बसते तिच्याखालच्या सालीवर आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूच्या सालीवर शैवाक सारखंच आहे का? विष्ठा फार पडली तर शैवाक जळतं, थोडी पडली तर नत्र मानवणाऱ्या जाती वाढतात. दुर्बीण असेल तर गॅलरीतूनच दिसेल.

---

वाळवण | १ मार्च, दुपारी ४:२०

सर, बघितलं. लेकीच्या मामाची दुर्बीण आणली. बैठकीच्या फांदीखाली साल पांढरी पडली आहे, तिथे एकही डाग नाही. पण त्या पांढऱ्याच्या कडेने, साधारण दोन हात सोडून, आपले करडे डाग दाटीने आहेत. झाडाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे बसेस थांबतात, तिथे मोजून चार. लेकीने वहीत झाडाचं चित्र काढून डाग मांडलेत. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही हे तिला सांगितलं. ती म्हणाली, मग पुढच्या रस्त्याची झाडंपण मोजते.

गॅलरीतल्या काडीवर बटर पेपर ठेवून डागाची कडा पेन्सिलीने काढून घेतली आहे. तारीख टाकली आहे.

---

रानपान | १ मार्च, रात्री ८:५०

उत्तम. दरवर्षी त्याच तारखेला त्याच कागदावर वेगळ्या रंगाने काढा. पानासारखी पसरणारी शैवाकं साधारण वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. काडी पंख्याच्या झोतात ठेवू नका. गॅलरीच्या जाळीला, पूर्वेची उन्हं येतील आणि दव पडेल अशी बांधा. झाडावर होती तशी आडवी, डाग वर.

---

चिंचपोकळी_पूर्व | २ मार्च, सकाळी १०:००

मी स्टेशनवर जाताना आता प्रत्येक झाड बघतो. काल पुलाखालच्या पिंपळावर दोन डाग सापडले. पिक्सिन आहे की नाही माहीत नाही, पण दिवा मागून आणणार आहे.

---

वाळवण | २६ एप्रिल, सकाळी ७:०५

दोन पिल्लं होती, एक मार्चअखेर दिसेनासं झालं. दुसरं आज उडालं. आधी तीन-चार दिवस फांदीवर उभं राहून नुसते पंख मारायचं. आज वारा आला, पाय सुटले आणि समोरच्या गिरणीच्या चिमणीपर्यंत गेलं. परतताना फांदी चुकली, पुन्हा फिरलं आणि दुसऱ्यांदा नीट बसलं. आई पूजा सोडून गॅलरीत आल्या होत्या. पिल्लाच्या अंगावर फिकट ठिपके आहेत, त्याच्या आईबापांसारखं एकरंगी नाही.

सोसायटी नाही, चाळ आहे आमची, पण छाटणीवाले विचारायला आले होते. मालकांना आम्ही सात बिऱ्हाडांनी सह्या करून पत्र दिलं. ती फांदी पाऊस संपेपर्यंत तशीच ठेवायची ठरली आहे.

---

घिरट्या | २६ एप्रिल, सकाळी ७:२०

सात बिऱ्हाडांना माझा नमस्कार सांगा. पिल्लू अजून काही आठवडे आईबापांकडे मागत फिरेल, खाणं आयतं मिळेपर्यंत जाणार नाही.

---

वाळवण | १९ जून, रात्री ९:३०

पाऊस धरला. घारी आठ दिवसांत कमी झाल्यात, घरट्यावर कोणी नाही. प्लास्टिक लोंबतंय.

जाळीला बांधलेली काडी सकाळपासून भिजतेय. डाग सकाळी हिरवा होता, आत्ता दिवे लावल्यावर बघितला तर अजून हिरवाच आहे. आणि काडीच्या दुसऱ्या टोकाला, सालीच्या भेगेत, टाचणीच्या डोक्याएवढा एक नवा ठिपका आहे. तो आधी होता का हे बघायला लेक बटर पेपर शोधतेय.